दोन भाषांच्या घरात कविता

इंदूरला मराठी साहित्य संमेलन प्रथम भरले ते १९१७ साली, गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, याच शहरात हिंदी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्ष होते महात्मा गांधी. होळकरांच्या या नगरीत दोन भाषा अशा एकाच ओसरीवर बसत आल्या आहेत. २००१ साली मराठी संमेलन पुन्हा इंदूरला आले, तेव्हा अध्यक्षपदी विजया राजाध्यक्ष होत्या. मर्ढेकरांच्या कवितेवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिणाऱ्या, म्हणजे कविता वाचायची कशी याचाच विचार केलेल्या समीक्षक. संमेलने होतात, मांडव उतरतात. मागे उरतो तो रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या एखाद्या मराठी घरातला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, किंवा मुलगी, आणि कपाटातली कवितेची पुस्तके. या दोघांची गाठ काही पडत नाही.

हा मुलगा आजीशी मराठीत बोलतो, मित्रांशी हिंदीत, आणि शाळेत इंग्रजी लिहितो. देवनागरी त्याला हिंदीमुळे येतेच, त्यामुळे मराठी पुस्तक त्याला वाचता येत नाही असे म्हणण्याची सोय नाही. तरी तो वाचत नाही. मग केव्हा तरी वडिलांना जाग येते. ते कपाटातून तांब्यांची ‘समग्र कविता’ काढतात, किंवा कुसुमाग्रजांचा एखादा संग्रह, आणि मुलापुढे ठेवून म्हणतात, ‘रोज एक कविता वाचत जा. आपली भाषा विसरू नये.’ येथेच घोडे पेंड खाते. कवितेचा असा काढा केला की ती कडूच लागायची. भाषा टिकवणे हे मोठ्यांचे ओझे आहे; ते त्यांनी संस्था चालवून, ग्रंथालये जगवून, घरात मराठी बोलून वाहावे. बालकवींच्या किंवा इंदिराबाईंच्या आठ ओळींवर ते लादले तर त्या ओळी मोडतात आणि मूलही दुरावते. पंधरा वर्षांच्या मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते: आपल्याला काही दिले जात आहे की आपल्याकडून काही वसूल केले जात आहे.

शाळेची तऱ्हा वेगळी, पण फळ तेच. आमच्याकडे हिंदीच्या पेपरात पद्याखाली ‘संदर्भ, प्रसंग, व्याख्या’ अशी तिहेरी मागणी असते. महाराष्ट्रातल्या मुलाला ‘रसग्रहण’ लिहावे लागते. कवी, विषय, मध्यवर्ती कल्पना, आवडण्याचे कारण. हे रसग्रहण म्हणजे रसाला लागलेले ग्रहण, असा विनोद आपल्या शिक्षकवर्गातच फार जुना आहे. दोन्हीकडे मुलाला आधी अर्थ विचारतात आणि कविता मात्र त्याने ऐकलेलीच नसते. गाणे न ऐकता रागाचे नाव विचारावे तसे हे आहे. माझी तक्रार अर्थ विचारण्याबद्दल नाही. अर्थ विचारलाच पाहिजे. पण तो कवितेत कोणत्या वाटेने शिरून विचारायचा, हा प्रश्न आहे. आणि दोन भाषांच्या घरातल्या मुलाकडे अशी एक वाट आहे, जी पुण्या-नाशिकच्या मुलाकडे नाही. आपण मात्र तिला त्याचे वैगुण्य समजत आलो.

एक उदाहरण घेऊ. बहिणाबाई चौधरींची संसारावरची कविता सगळ्यांना ठाऊक आहे. चुलीवरचा तवा, हाताला बसणारे चटके आणि त्यानंतरची भाकर, एवढ्या सामानावर ती उभी आहे. हिंदी शाळेत वाढलेला मुलगा ती वाचतो आणि ‘संसार’ या शब्दाचा अर्थ करतो ‘जग’. हिंदीत तोच अर्थ आहे. कबीराच्या दोह्यात त्याने तोच शिकलेला आहे. घरातले मोठे माणूस लगेच म्हणते, ‘अरे, संसार म्हणजे जग नव्हे, घरसंसार!’ आणि विषय संपतो. दुरुस्ती बरोबर आहे, पण ती फार लवकर झाली. त्याऐवजी मुलाला एवढेच विचारावे: तू म्हणतोस तसे जग धरू या, मग तवा कोणाच्या घरातला? चटके कोणाला बसतात? भाकर कोण करते? दोन मिनिटांत तो स्वतःच चुलीपाशी येऊन बसतो. शब्दाचा अर्थ आईने किंवा कोशाने सांगितला नाही, कवितेने सांगितला. याउपर त्याच्या मनात ते ‘जग’ही थोडे रेंगाळत राहते, आणि तसे ते राहावे. कारण बहिणाबाईही स्वयंपाकघराबद्दल बोलता बोलता तेवढ्यावर थांबलेल्या नाहीत. मराठी मुलाला ‘संसार’ शब्द इतका ओळखीचा असतो की तो त्यावरून घसरून पुढे जातो. आमचा मुलगा तेथे अडखळतो. कविता वाचणे म्हणजे काय, तर बरोबर ठिकाणी अडखळणे. ते त्याला आयतेच मिळालेले आहे.

असे शब्द दोन्ही भाषांत पुष्कळ आहेत. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीतली म्हणजे छडी. (दोन्ही अर्थ एकाच वर्गात खरे ठरलेले आमच्या पिढीने पाहिले आहेत.) ‘चेष्टा’ तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. ‘राग’ तिकडे अनुराग, इकडे संताप. यांची यादी करून मुलांकडून पाठ करून घेण्यात अर्थ नाही. पण कवितेत असा शब्द आला की तेथे क्षणभर थांबावे, एवढी सवय लागली तरी पुरे.

शब्दांहूनही खोल जाणारी गोष्ट आहे लिंगाची. व्याकरणातला हा सर्वांत नीरस धडा, पण माळव्यातल्या मुलासमोर तांब्यांची कविता ठेवली की तो जिवंत होतो. भास्कर रामचंद्र तांबे आमचेच. जन्म १८७३ चा, मुंगावलीचा. पुढे देवासला शिक्षण आणि काही काळ राजपुत्राच्या शिक्षकाची नोकरी. अखेर १९४१ साली ग्वाल्हेरीत. पुण्या-मुंबईच्या साहित्यव्यवहारापासून दूर राहून त्यांनी मराठी भावगीताला वळण लावले. त्यांची बावरलेल्या नवरीची एक कविता आहे. प्रियकरावर जीव आहे, त्याच्याचकडे जायचे आहे, आणि माहेर सोडताना पाय मात्र निघत नाही. वरवर ही सासरी निघालेल्या मुलीची कविता. पण जाणकार तिच्यात जीवाचे मरणाच्या दारातून परमात्म्याकडे जाणे वाचत आले आहेत. आता हा दुसरा अर्थ मुलाला ‘सांगितला’ तर तो वहीत उतरवून घेईल आणि विसरेल. त्यापेक्षा त्याला एक साधा प्रश्न घालावा: हिंदीत मृत्यू आला की आली?

तो म्हणेल, आली. हिंदीत ‘मृत्यु’ स्त्रीलिंगी आहे, ‘मौत’ही स्त्रीलिंगी. मराठीत मृत्यू ‘तो’ आहे; संस्कृतातही तोच होता. म्हणजे न्यायला येणारा नवरदेव व्हायला मराठीतला मृत्यू तयारच आहे, हिंदीतला नाही. आता उलट बाजू पाहा. ‘आत्मा’ मराठीत पुल्लिंगी, ‘जीव’ही पुल्लिंगी, त्याला नवरी करायची तर मराठी कवीला व्याकरणाच्या विरुद्ध जावे लागते. हिंदीत मात्र ‘आत्मा’ स्त्रीलिंगी आहे. तेथे आत्म्याने शालू नेसावा यात व्याकरणाला काहीच नवल नाही, आणि कबीर तर राम नवरा आणि आपण नवरी असे उघडच गातो. म्हणजे तांब्यांच्या कवितेतल्या वधूवरांपैकी वर मराठीत सापडतो आणि वधू हिंदीत. तांबे ज्या मुलखात राहिले तेथे या दोन्ही भाषा त्यांच्या कानांवर पडत होत्या. त्यांनी असा हिशेब केला असेल असे मला म्हणायचे नाही. कवी असे हिशेब करत नसतात. पण ही कविता पूर्ण ऐकू येण्यासाठी लागणारे दोन्ही कान इंदूरच्या पंधरा वर्षांच्या मुलीला आहेत, हे मात्र मी ठासून म्हणेन. पुण्याच्या तिच्या मामेबहिणीला त्यांतला एक कष्टाने मिळवावा लागेल.

बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना यात आणखी एक पदर दिसेल. कन्नडात वस्तूंना स्त्री-पुरुष करण्याची रीत नाही. निर्जीव ते सारे नपुंसकच. कन्नड शाळेत जाणाऱ्या मराठी मुलाला पणती ‘ती’ का आणि दिवा ‘तो’ का, हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो. त्याला गप्प करू नका. इंदिरा संतांनी जन्मभर बेळगावात राहून जी कविता लिहिली, तीत घरातल्या आणि निसर्गातल्या वस्तू माणसांसारख्या वावरतात. त्या कोठे ‘ती’ होऊन येतात आणि कोठे ‘तो’, हे बघत बघत त्यांचा एखादा संग्रह चाळला तरी एक दुपार चांगली जाईल.

दोन भाषांतल्या दोन कविता शेजारी ठेवणे हा यापुढचा भाग. मध्य प्रदेशातल्या कोणत्याही मुलाला सुभद्राकुमारी चौहान यांची झाशीच्या राणीवरची कविता येते. निदान तिचे ध्रुपद येतेच. सुभद्राकुमारी जबलपूरच्या. त्यांची कविता पोवाड्याच्या जातीची: राणीच्या बाळपणापासून मरणापर्यंतची कथा, बुंदेल्या हरबोल्यांच्या तोंडून ऐकलेली म्हणून सांगितलेली, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तोच घोष. मुले ती म्हणतात तेव्हा अंगावर शहारे येतात. तांब्यांनीही राणीवर कविता लिहिली आहे. राणी १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरीला पडली, तिची समाधी तेथेच आहे, आणि तांब्यांची कविता त्या जागेवर उभी राहून बोलते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती थांबवते. बाळपण नाही, लग्न नाही, दत्तकाचा वाद नाही. शत्रूची फळी फोडत निघालेली शेवटची दौड आणि पडणे, एवढेच. (राणीचे माहेरचे आडनावही तांबे होते, हे मुलांना सांगायला हरकत नाही. अशा गोष्टी त्यांच्या लक्षात राहतात.)

आता या दोन कविता एकामागून एक मोठ्याने वाचाव्यात आणि विचारावे, कोणत्या कवितेत राणी जिवंत आहे? हे मी परीक्षेतल्या प्रश्नासारखे विचारत नाही, मला स्वतःला त्याचे कुतूहल आहे. बहुतेक मुले हिंदी कवितेचे नाव घेतात. तेथे ती लढते, बोलते, वाढते. मग एखादी मुलगी म्हणते की मराठी कवितेत राणी नाहीच, फक्त तिची जागा आहे, आणि आपण तेथे उशिरा पोचलो आहोत. हे ज्याला दिसले त्याला कथनकाव्य आणि विलापिका यांतला भेद वेगळा शिकवावा लागत नाही. आणि याची मेख अशी की तांब्यांची कविता कथा सांगत नाही, कारण ती तुम्हाला आधीच ठाऊक आहे असे ती धरून चालते. ती कथा आमच्या मुलाला कोणी सांगितली? सुभद्राकुमारींनी. मराठी कवितेची पूर्वतयारी हिंदी कवितेने करून दिली. जे वडील ‘शाळेत सगळे हिंदीच शिकवतात’ म्हणून सुस्कारा टाकतात, त्यांनी याचा जरा विचार करावा.

संतांच्या बाबतीत तर हे इतके उघड आहे की फार लिहायला नको. नामदेवांचे अभंग आपल्या गाथेत आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात. एकच शिंपी दोन भाषांत शिवत होता. किशोरांना मात्र संतकाव्यातला उपदेश सांगण्यापूर्वी त्याचे माप दाखवावे. या वयात मुलांना मोजायला आवडते. क्रिकेटच्या धावा मोजणारी मुले मात्राही मोजतात. दोह्याच्या एका ओळीत तेरा आणि अकरा अशा चोवीस मात्रा असतात. मोठ्या अभंगात मात्रांचा हिशेब नाही. अक्षरे मोजायची, सहा, सहा, सहा आणि शेवटी चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळवायचे. बोटांवर मोजता मोजता त्याच्या ध्यानात येते की तो चौथा चरण आखूड आहे. तेथे श्वास घ्यायला जागा ठेवलेली आहे, टाळ वाजायला जागा ठेवलेली आहे. दोहा मात्र तोलून, मध्ये एकदा थांबून, झटकन मिटतो. एक चालत म्हणायचा आणि एक बसल्या जागी ऐकवायचा. हल्ली मुले रॅप ऐकतात म्हणून नाके मुरडणाऱ्यांना मी सांगेन की शब्द तालाच्या कोणत्या मात्रेवर पडतो याचे जेवढे भान त्या मुलांना आहे, तेवढे आपल्या पिढीतल्या पुष्कळ काव्यरसिकांना नव्हते.

कानाची गोष्ट निघाली की माळव्यात एक नाव घ्यावेच लागते. कुमार गंधर्व जन्माने बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, घरची भाषा कानडी. क्षयाने आजारी होऊन १९४८ साली ते देवासला आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत तेथलेच झाले. त्यांनी कबीराची निर्गुणी भजने गायली, माळव्याची लोकगीते गायली आणि तांब्यांच्या कवितांचा ‘तांबे गीत रजनी’ हा कार्यक्रमही केला. तिकडे लताबाई १९२९ साली इंदूरलाच जन्मल्या आणि त्यांच्या आवाजात तांबे घरोघर गेले. तेव्हा आमच्या मुलांच्या कानांवर तांबे आधी गाणे म्हणून पडतात. हे चांगलेच आहे, पण यात एक धोका आहे तो सांगितला पाहिजे. चाल इतकी गोड असते की शब्द विरघळतात. लहानपणापासून ऐकलेले गाणे मुलाला पाठ असते आणि त्यात काय म्हटले आहे याचा पत्ता नसतो. म्हणून गाणे ऐकून झाल्यावर तीच कविता चालीशिवाय, नुसत्या बोलण्याच्या आवाजात, हळू वाचावी. पहिल्यांदा ती उघडी-बोडकी वाटते. दुसऱ्या वाचनात शब्द वर येऊ लागतात. गणेशोत्सवातल्या पाठांतराच्या स्पर्धांत हे साधत नाही, कारण तेथे ‘चंद्र’ म्हटले की बोट वर करायचे आणि ‘हृदय’ म्हटले की छातीवर ठेवायचे असे हातवारे शिकवलेले असतात. पाठांतर उत्तम, हातवारे बंद करावेत.

कोणत्या कविता द्याव्यात, याविषयी थोडे. आपल्याकडे बडबडगीतांनंतर एकदम देशभक्ती आणि मग एकदम नवकाव्य, मध्ये काही नाही, अशी पायऱ्या तुटलेल्या जिन्यासारखी अवस्था आहे. किशोरवयाला फुलपाखरांचा कंटाळा आलेला असतो. त्याला राग, लाज, एकटेपण, आपण कोण हा प्रश्न, आणि मरणाबद्दलचे कुतूहल असते. ते आपण घरात बोलत नाही एवढेच. बालकवी निसर्गाचे कवी म्हणून मुलांना देतात, पण ते सतरा वर्षांचे असताना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांनी कविता म्हटली आणि त्यांना बालकवी हे नाव मिळाले, हे कोणी सांगत नाही. पुढे अठ्ठावीस पुरे व्हायच्या आत, १९१८ मध्ये, रेल्वेखाली सापडून ते गेले. सतरा वर्षांचा मुलगा हे ऐकतो तेव्हा पुस्तकातला चष्मेवाला कवी नाहीसा होऊन तेथे त्याच्याच वयाचा कोणीतरी उभा राहतो. मग त्या हिरव्या-सोनेरी कवितांच्या पाठीशी असलेली उदासी त्याला आपोआप दिसते.

मर्ढेकर मुलांना जड जातील असे शिक्षक म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. १९४७ च्या ‘काही कविता’मधली उंदरांची कविता वाचली की मुले आधी ‘शी!’ म्हणतात. ‘शी’ ही प्रतिक्रिया ‘छान आहे’पेक्षा शंभर पटींनी खरी. जे किळसवाणे आहे त्यावर कविता का लिहावी, असा प्रश्न त्यांनीच विचारला की पुढचा तास आपला. आणि आमच्याकडच्या मुलांपुढे लगेच मुक्तिबोध ठेवता येतात. चंद्र सुंदर असतो हे प्रत्येक पाठ्यपुस्तकाने सांगितलेले, आणि येथे एक कवी संग्रहाच्या नावातच चंद्राचे तोंड वाकडे असल्याचे सांगतो. तो संग्रह १९६४ साली, कवीच्या मृत्यूच्या वर्षी, निघाला. मुले विचारतात, वाकडे का? सगळे कळणार नाही. मुक्तिबोधांच्या दीर्घ कविता थोरामोठ्यांनाही पूर्ण कळलेल्या नाहीत. पण न कळता आवडणे हे काव्यवाचनात गैर नाही, हेही या वयातच कानावर घालावे.

गजानन माधव मुक्तिबोध हे आमच्या भागातले, मराठी घरातले. १९१७ साली श्योपूरला जन्म, बी. ए. इंदूरच्या होळकर कॉलेजातून. अज्ञेयांनी १९४३ मध्ये ‘तार सप्तक’ काढले त्यातल्या सात कवींपैकी दोन, मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे, मातृभाषेने मराठी होते. नव्या हिंदी कवितेच्या पहिल्या पंक्तीत दोन पाने मराठी घरांतून मांडली गेली! आणि मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मात्र मराठीत लिहिले. ‘नवी मळवाट’ हा त्यांचा संग्रह १९४९ चा. १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथाला मिळाला. एका घरातले दोन भाऊ दोन भाषांत गेले. वडील पोलीस खात्यात, बदल्यांचा संसार. गजाननरावांनी आपल्या आईविषयी लिहिले आहे की तिनेच त्यांना प्रेमचंदांचे भक्त केले. त्या घरात मुलाला कोणत्या भाषेचे पुस्तक द्यावे याची चिंता कोणी केलेली दिसत नाही. आईला आवडलेले पुस्तक मुलाच्या हाती गेले, इतकेच.

धारवाडचे बेंद्रे घ्या. घरी मराठी, कविता कन्नड, आणि १९७३ साली ज्ञानपीठ. सीमाभागात हे उदाहरण कधी अभिमानाने तर कधी हळहळीने सांगितले जाते. हळहळ मला समजते. मुलगी उद्या हिंदीत किंवा कन्नडात कविता करू लागली तर मराठी घराला चुकचुकणारच. पण ती कविता करू लागली हे आधी पाहावे. जी मुलगी एका भाषेत कविता वाचू शकते ती दुसऱ्या भाषेतही वाचते. जिला एकाही भाषेत वाचता येत नाही, तिला कपाटातले तांबे काय आणि निराला काय, सारखेच बंद.

राहता राहिला मोठ्याने वाचण्याचा प्रश्न, आणि येथे नातेवाइकांना दोन शब्द सुनावणे भाग आहे. आमच्या मराठीला माळव्याचा रंग आहे. ‘काय करून राहिलास?’ असे आम्ही सहज विचारतो. सुटीत महाराष्ट्रातून आलेले काका हे ऐकून हसतात, मुलगा ‘चांदणे’ वाचताना हिंदीसारखा तालव्य ‘च’ काढतो तेव्हा तर फारच हसतात. मराठीत च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार आहेत आणि लिपीत त्यांची खूण नाही. हे ऐकूनच यायचे. हसण्याने ते येत नाही. एकदा हसे झालेला पंधरा वर्षांचा मुलगा पुन्हा मोठ्याने वाचायला बसत नाही, आणि मोठ्याने न वाचलेली कविता त्याच्यापुरती छापील अक्षरांची ओळ होऊन राहते. काकांनी त्याच्यानंतर तीच कविता एकदा स्वतः वाचावी, काही न बोलता. कान आपले काम करतात.

जुन्या पुस्तकांची एक निराळीच अडचण आहे आणि ती पुष्कळ घरांत कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या कपाटांतले तांबे, बालकवी, केशवसुत बहुधा जुन्या आवृत्त्यांतले असतात. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पानांवर ते शब्दाशब्दावर टिंबे देऊन बसलेले आहेत. आपण ती टिंबे डोळ्यांआड करून वाचतो. हिंदी शिकलेल्या मुलाच्या लेखी मात्र टिंब म्हणजे नाकातला उच्चार, कारण हिंदीत ते उगाच दिलेले नसते. तो प्रामाणिकपणे प्रत्येक अनुस्वार नाकातून काढतो, कविता गुणगुण करत निघते, आणि घरातल्यांना वाटते याला मराठी वाचताच येत नाही. वास्तविक ते अनुस्वार एके काळी उच्चारले जात. कोकणात अजूनही ऐकू येतात. मुलगा चुकून शे-दोनशे वर्षांपूर्वीची मराठी वाचत असतो. तेव्हा यंदा दिवाळीच्या सुटीत जुने पुस्तक खाली काढणार असाल तर टिंबांचे तेवढे आधी सांगून ठेवा, आणि पहिली कविता तुम्ही वाचा.